एमेट वेल्डीचा खर्ज

१

बेस सॅक्सोफोनचं गिऱ्हाईक दुकानात दोनदा येतं, असं अमेरिकेतल्या एल्कहार्ट या वाद्यांच्या कारखान्यांच्या गावचे जुने दुकानदार म्हणत. एकदा वाद्य न्यायला आणि एकदा परत द्यायला. मधल्या काळात त्या बिचाऱ्याला कळलेलं असतं की हे पितळी धूड मोटारीत धड मावत नाही, बायकोला ते घरात नको असतं, आणि फुंकायला बसलं की आधी डोळ्यांपुढे काजवे चमकतात, मग झालाच तर सूर लागतो. शेजारच्या गोशेन गावातल्या एका शवपेट्यांच्या व्यापाऱ्यानं हौसेनं एक नेलं होतं. वर्षभरानं दुकानदार सहज त्याच्याकडे गेला, तर वाद्य दारामागे उभं आणि कर्ण्यात छत्र्या खोचलेल्या. "उपयोग झाला की हो," असं वर तोच म्हणाला.

एमेट वेल्डी मात्र परत द्यायला कधी आला नाही. दिवसा कारखान्यात सॅक्सोफोनच्या चाव्या बसवायच्या आणि सुटीच्या दिवशी ड्वाइट प्लेचरच्या बँडमध्ये खालचा सूर धरायचा, यात त्याची उमर गेली. खर्ज हा घराच्या पायासारखा असतो. आहे तोवर कुणी वाकून बघत नाही.

शनिवारी सकाळी तो न चुकता हार्लन ट्रॉयरच्या दुकानी जाई. दोघं शाळेपासूनचे सोबती. हार्लन माउथपीस बनवी. वाद्य कुणीही घडवलेलं असो, त्याचा आवाज ठरतो तो माणसाच्या दातांखाली जाणाऱ्या त्या काळ्या रबरी चोचीवर आणि तिला पितळी कड्यानं आवळलेल्या बोरूच्या पट्टीवर. तिलाच रीड म्हणायचं. टोकाशी दोघींमध्ये एक बारीक फट असते. फट मोठी तर रीड मऊ लागते, लहान तर कडक. एवढंच गणित, पण त्यात माणसं म्हातारी होतात. एमेटच्या तोंडाचं गणित हार्लनला जेवढं पाठ होतं तेवढं एमेटच्या बायकोलाही नसेल.

त्या गावच्या वाजवणाऱ्यांची एक रीत होती. रीड थकली, मेली, की तिचं टोक अंगठ्यानं मोडूनच टाकायची. अख्खी टाकायची नाही आणि कुणाला द्यायची तर नाहीच. एमेटचा बाप सांगे, "जी तुझा श्वास प्यायली ती दुसऱ्याच्या तोंडी जाऊ देऊ नकोस." पण हार्लन म्हणे, "ठेव रे इथंच. बेसच्या रीड मिळतात कुठे? तासून कामाला येतील." मित्रापुढे कसली रीत पाळायची? एमेट ओली रीड तशीच त्याच्या बाकावर ठेवून घरी जाई.

२

तिसाच्या दशकातल्या मोठ्या मंदीच्या दुसऱ्या की तिसऱ्या हिवाळ्यात एमेटचे वरचे दात गेले. हिरड्या सुजल्या, पू झाला, डॉक्टर म्हणाले सगळेच काढावे लागतील. दवाखान्यात त्याला हार्लननं आपल्या मोटारीतून नेलं. तोंडात कापूस कोंबलेला एमेट खुर्चीवरून उठला तेव्हा डॉक्टर हातात पसरट वाटी घेऊन विचारत होते, "हे घरी न्यायचेत का?"

एमेटनं नुसता हात झटकला.

"मी बघतो त्यांचं," हार्लन म्हणाला.

पुढे कवळी आली. कवळी लावून मका खाता येतो, चर्चमध्ये हसता येतं. पण सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचे वरचे दात चोचीवर टेकलेले असतात आणि आवाज त्या दातांतून थेट कवटीत शिरतो. खरे दात गेले की तो पूल तुटतो. एमेटला पहिल्या दिवशी वाटलं, आपण फुंकतोय आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी दुसराच वाजवतोय. आणि तोही वाईट वाजवतोय.

मार्चमधल्या सरावानंतर प्लेचरनं त्याला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल एवढंच.

"वेल्डी, राग मानू नका. पण तिसऱ्या गाण्यात मला वाटलं, गुरांची गाडी यार्डात शिरली."

ट्रंपेटवाला फिस्सकन हसला. एमेटही हसला, जिभेनं कवळी सावरत.

"कवळी अजून बसायची आहे रे."

"बसू दे ना. मेअखेरीला तळ्यावरचं नाचघर उघडतंय. तोवर तुमचा तो जुना आवाज आणा, खुर्ची तुमची. नाही आणलात तर साउथ बेंडमध्ये उभा बास वाजवणारा एक जण रिकामाच बसलाय. हल्ली सगळेच तो ठेवतात. नुसत्या तारा छेडायच्या, आणि फुंकावं लागत नसल्यामुळे दातांची भानगडच नाही."

एमेटनं वाद्य पेटीत ठेवलं. खुर्ची गेली तर आपण कोण, हा प्रश्न त्याला आजवर पडलाच नव्हता. आता तो पडला आणि मुक्कामालाच राहिला.

३

"घाबरतोस कशाला लेका," हार्लन म्हणाला. "तोंड बदललंय ना? मग चोच बदलू."

दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचं बाक होतं. खिडकीला उत्तरेचा उजेड, कानशी ओळीनं टांगलेल्या, रेघा आखलेली जाड काच आणि फट मोजायच्या पोलादी पात्या. रबर घासलं की गंधकाचा वास सुटतो, तो त्या भिंतींत मुरलेला. कोपऱ्यात चाचणीसाठी ठेवलेला एक जुना बेस सॅक्सोफोन घोडीवर उभा.

पहिल्या शनिवारी हार्लननं बॅरिटोनचा, म्हणजे धाकट्या सॅक्सोफोनचा, छोटा माउथपीस बूच गुंडाळून बसवला. तोंडाला सोपा, पण वरचे सूर चढे आणि खर्ज कागदासारखा. "बदक," एमेट म्हणाला. "आजारी बदक," हार्लननं दुरुस्त केलं. दुसऱ्या शनिवारी मोठ्या पोकळीचा जुना बेस माउथपीस. त्यावर मऊ रीड लावली तर घरघर, कडक लावली तर नुसती हवा. शनिवारामागून शनिवार हार्लन रीड बदलत राहिला, घोडेशेपटी गवताच्या काडीनं त्यांची टोकं खरवडत राहिला आणि म्हणत राहिला, "फुंक. आणखी फुंक. हिला तुझी सवय होऊ दे."

एप्रिलमध्ये एक अगदी नवा माउथपीस त्यानं पुढे केला. "काल रात्री कोऱ्या ठोकळ्यातून कोरलाय. अजून कुणाच्या तोंडाला लागलेला नाही. उतार लांब ठेवलाय. चावायची गरज पडणार नाही."

एमेटनं रीड ओली करून बांधली, श्वास घेतला आणि सगळ्यात खालचा सूर धरला. तो आला. खिडकीची तावदानं थरथरली. कानशी एकमेकींवर किणकिणल्या. एमेटच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हाच!" तो म्हणाला. "हार्लन, हाच तो!"

हार्लन हसला नाही. मान कलती करून तो ऐकत होता. दुसऱ्याच्या घरात घड्याळाचे ठोके मोजणारा माणूस जसा ऐकतो तसा. "अजून नाही," एवढंच म्हणाला. "जवळ आलाय."

माउथपीस पुसताना एमेटचा अंगठा चोचीच्या पाठीवर अडकला. खिडकीशी धरून पाहिलं. रबरात दातांचे खड्डे पडलेले होते. वर्षानुवर्षं वाजवल्यावर पडतात तसे, खोल आणि गुळगुळीत. डावा खड्डा सरळ. उजवा तिरपा, एका कडेला टोक निघालेला.

एमेटचा उजवा पुढचा दात तरुणपणी मिरवणुकीत पाय घसरून वाद्यावर आपटला होता. तिरपा तुटला होता. पण तो दात आता नव्हता, आणि त्याच्या तोंडात दंतवैद्याच्या साच्यातून निघालेली एकसारखी, सरळ कवळी होती.

"हे काय आहे?"

हार्लननं माउथपीस त्याच्या हातातून काढून घेतला. घाईनं नाही. "कानस घसरली असेल. घासून टाकतो."

"खड्डे आतून गुळगुळीत आहेत."

"मग चांगली घसरली असेल," हार्लन म्हणाला, आणि बाकावरची ओली रीड उचलून त्यानं कागदात गुंडाळली. "चल, कॉफी घेऊ."

४

घरी जाताना एमेटनं स्वतःची समजूत काढली. डोळे थकलेत. वय झालंय. जो मित्र आपल्यासाठी रात्र रात्र रबर घासतो त्याच्या कामात खोट काढायची म्हणजे हद्द झाली.

त्याची बायको लॉरेना स्वयंपाकघरात नूडल्स कापत होती. गालावर पीठ आणि चेहरा कसा उजळलेला. हिवाळाभर तो तसा नव्हता.

"आलास वर?" ती म्हणाली. "आज काय वाजवलंस रे! अगदी आपल्या लग्नाच्या वर्षीसारखं. मी पायरीवर बसूनच राहिले, कोंबडी करपली असती."

"कुठे वाजवलं?"

"कुठे म्हणजे? खाली, तळघरात."

"मी हार्लनकडे होतो. आत्ता येतोय. हा बघ, अंगात कोट आहे."

लॉरेनानं कोटाकडे पाहिलं, मग तळघराच्या दाराकडे. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. पण तो भीतीनं गेला असं एमेटला वाटलं नाही. कुणी मध्येच दिवा मालवल्यावर वाचणाऱ्याचं तोंड होतं तसं तिचं झालं.

"मग शेजारच्यांचा ग्रामोफोन असेल," ती म्हणाली.

शेजारच्यांनी ग्रामोफोन दिवाळीतच विकला, असं आपल्याकडे म्हटलं असतं. त्यांनी तो नाताळातच विकला होता. एमेट खाली गेला. त्याचं वाद्य घोडीवर होतं, कोळशाच्या ढिगाशेजारी, नेहमीच्या जागी. त्याचा रोजचा माउथपीस लावलेला नव्हता. तो त्याच्या खिशात होता. त्यानं वाद्याच्या मानेवर हात ठेवला आणि काढून घेतला.

पितळ कोमट होतं.

तळघर गार असतं. पितळ त्याहून गार असतं. माणसाचा श्वास बराच वेळ आतून गेल्याखेरीज ते कोमट होत नाही. खाली सिमेंटवर कर्ण्यातून गळलेलं पाणी साचलं होतं. नळाची वाफ असेल, त्यानं मनाशी म्हटलं. बॉयलर आहे, दमटपणा आहे. अशी बरीच कारणं त्यानं जमवली आणि एकेक करून वर आणली. वरच्या पायरीवर लॉरेनाचं विणकाम पडलेलं होतं. त्याखाली उशी होती. एकदा बसणारं माणूस उशी आणत नाही.

पुढच्या शनिवारी त्याचं मन होईना. "आज राहू दे," तो म्हणाला. "गुडघा दुखतोय."

"असं कसं?" लॉरेना म्हणाली. त्याची टोपी तिनं आधीच झटकून ठेवली होती. "हार्लन वाट बघत असेल. जा बरं. आणि घाई नको करूस परतायची."

५

त्या शनिवारी तो माउथपीस बाकावर नव्हता.

"बिघडला," हार्लन म्हणाला. "घासताना टोक उडालं. दुसरा करतो. तोवर या रीड फुंकून ठेव."

एमेटनं फुंकल्या. प्रत्येक वेळी सूर आधीपेक्षा पातळ येत होता. पूर्वी छातीतून निघून खोली भरायचा, आता ओठांशीच विरे. एकेका रीडचा पहिला श्वास तेवढा भरीव निघे, मग हार्लन ती काढून घेई. "झालं, हिचं झालं." जनावराची धार काढणारा असाच म्हणतो, हे एमेटच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

पण शंका ही कानात गेलेल्या पाण्यासारखी असते, डोकं हलवून निघत नाही. मेमधल्या एका बुधवारी कारखान्याला दुपारची सुटी मिळाली, तेव्हा तो न सांगता दुकानी गेला. पुढे कुणी नव्हतं. मागच्या खोलीचं दार किलकिलं होतं.

आत खर्ज वाजत होता.

चांगलं वाजवणारे त्या गावात पैशाला पासरी. पण एमेट सूर धरायच्या आधी बारीकसा थांबे, पायरी उतरणारा माणूस कठडा चाचपतो तसा. कुणी ते शिकवलेलं नव्हतं आणि कुणाला उचलता आलेलं नव्हतं. ते थांबणं त्यानं ऐकलं. मग सूर आला, आणि नकली दात आल्यापासून पहिल्यांदाच तो त्याला बाहेरून ऐकू आला नाही. कवटीत ऐकू आला. हिरड्यांत, जिथे आता काही नव्हतं, तिथे ठणकला.

फटीतून त्याला हार्लनची पाठ दिसली. तो स्टुलावर पुढे वाकून बसला होता, हात गुडघ्यांवर, अगदी एमेटसमोर बसे तसाच. त्याच्या पलीकडे कर्ण्याची कड, आणि तिच्याखाली राखाडी पँटचा एक गुडघा. गुडघा ताल धरत होता.

पायाखालची फळी वाजली. सूर थांबला. हार्लन बाहेर आला आणि त्यानं दार मागे ओढून घेतलं. त्याच्या हातात ओली रीड होती. तिच्या पाठीवर पेन्सिलनं काढलेली फुली होती. आपल्या रीडवर एमेट तशी फुली काढत असे. गेल्या वर्षी मेलेल्या त्याच्या रीडपैकी ही एक होती.

"आत कोण आहे?"

"गिऱ्हाईक."

"माझ्या रीडवर कुणाला वाजवायला देतोस तू?"

"तू टाकलेल्या," हार्लन म्हणाला.

"मी तुझ्यापाशी ठेवलेल्या! हार्लन, दार उघड."

हार्लननं दाराला पाठ लावली. त्याचे डोळे रात्र रात्र न झोपलेल्या माणसाचे होते, पण त्यांत ओशाळलेपण नव्हतं. "एमेट," तो अगदी मऊपणानं म्हणाला, "तुझी खुर्ची मी जाऊ देणार नाही. शब्द देतो. तेवढ्यासाठीच चाललंय हे सगळं. शनिवारी तुझं वाद्य मीच मोटारीतून तळ्यावर पोचवीन. तू आरामात ये. आता घरी जा."

आत कुणीतरी, ओठ मिटून थुंकी गिळतात, तशी गिळली.

एमेट घरी गेला. दार ढकलायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण ज्या माणसानं आपल्याला शाळेत शिव्या शिकवल्या, पहिली सिगरेट दिली, लग्नात अंगठी धरली, त्यानं शब्द दिल्यावर दार ढकलणं म्हणजे सगळं आयुष्यच ढकलून बघणं. त्यानं शब्द घेतला.

६

नाचघर उघडायच्या शनिवारी लख्ख ऊन पडलं होतं. सकाळीच हार्लन वाद्य न्यायला आला. लॉरेना म्हणाली, "मी हार्लनबरोबरच पुढे जाते, जागा धरायला हवी." एमेटनं आपला राखाडी कोट शोधला, मिळाला नाही. तो तपकिरी घालून निघाला.

बस तळ्याच्या अलीकडच्या काठाला सोडते. पाण्यावरून बँड ऐकू येत होता. वेळेच्या आधीच सुरू केलं वाटतं, तो मनाशी म्हणाला आणि त्यानं पावलं उचलली. मग त्याला ऐकू आलं की बँडला खर्ज आहे.

तो स्वयंपाकघराच्या बाजूनं आत शिरला. दुपारचा नाच रंगात आला होता. पाण्यावरून आलेला उजेड छतावर हलत होता. जुन्या दिवसांसारखी पावलं एका मापानं पडत होती, आणि प्लेचर काठी हलवत हसत होता. हिवाळाभर तो तसा हसला नव्हता.

खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. एमेटला पाठ दिसत होती, राखाडी कोट, आणि सुराआधी किंचित चढणारे खांदे. ओळ संपली तसं त्यानं श्वास घ्यायला तोंड चोचीवरून काढलं आणि जरासं या बाजूला वळवलं. वरचा ओठ मागे सरला. दात दिसले. उजवा पुढचा तिरपा तुटलेला.

त्या दातांच्या वर जे होतं, तिकडे बघायचं एमेटच्यानं झालं नाही. त्यानं नजर खाली ओढली आणि ती लॉरेनावर पडली. बँडच्या अगदी जवळच्या टेबलाशी ती हनुवटी हातावर टेकून बसली होती. तिनं दाराकडे पाहिलं. तिनं ओळखलं नाही असं नव्हे. तिनं ओळखलं, तिचे ओठ हललेही, आणि मग तिनं मान फिरवून पुन्हा खुर्चीकडे पाहायला सुरुवात केली.

गाणं संपलं. एमेट पुढे झाला. "ती माझी खुर्ची आहे," तो म्हणाला, पण कवळीतून शब्द फुसफुसत निघाले.

"काय म्हणताहेत हे?" प्लेचर वाकला. त्याच्या डोळ्यांत ओळखीचं काही नव्हतं. नसती कटकट नको, एवढंच होतं. "हार्लन, तुमच्या ओळखीचे आहेत का हे गृहस्थ?"

हार्लन भिंतीशी उभा होता. त्यानं एमेटच्या तोंडाकडे पाहिलं, गिऱ्हाइकाच्या पाहतो तसं. "नाही," तो म्हणाला. "कधी पाहिलं नाही. थांबा, मी सोडून येतो त्यांना."

त्यानं एमेटचं कोपर धरलं. दवाखान्यातून बाहेर आणताना धरलं होतं तेवढ्याच मायेनं त्याला बाहेरच्या पायऱ्यांवर आणलं. ऊन डोळ्यांवर आलं.

"का रे?" एमेट म्हणाला. "का केलंस?"

"तू काय करणार होतास? प्लेचरपुढे हात जोडणार होतास?" हार्लन हळू बोलत होता. "वीस वर्षं मी तुला घासून देत होतो असं तुला वाटतं. मी तो आवाज घासत होतो. तू त्याच्याभोवती होतास एवढंच. तुझं तोंड थकलं. मी काय करायचं होतं? त्यालाही मरू द्यायचं?"

"ते आहे कोण?"

हार्लननं दाराकडे कान दिला. आत प्लेचर लोकांना शांत करत होता. एकेका वादकाचं नाव घेत होता, आणि प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. ट्रंपेट. ड्रम. मग त्याचा आवाज चढला.

"आणि आपला खर्ज, मित्रहो! एमेट वेल्डी!"

नाचघर दणाणलं. हार्लनचा चेहरा उजळला. टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात, म्हणून त्यानं एमेटचं कोपर सोडलं.